ओल्या हातांचा अहवाल

संस्थेने नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालातील निष्कर्ष असा आहे : "सदर अपघात संगणकचालक कु. सलीमा नासीर यांनी नमाजासाठी हात-पाय धुतल्यानंतर ओल्या हातांनी यंत्रास स्पर्श केल्यामुळे घडला असून, यंत्रणा सर्वस्वी निर्दोष आहे."

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध आहे. शुद्ध म्हणता येईल असे त्यात तेवढेच आहे.

अपघात सकाळी अकराच्या सुमारास झाला. पहाटेचा नमाज आणि दुपारचा नमाज यांच्यामध्ये कोणताही नेमाचा नमाज नसतो, ही माहिती मिळवायला समितीला अरबी शिकण्याची गरज नव्हती. महाविद्यालयाच्या मागच्या मशिदीतली बांग तिच्या तिन्ही सदस्यांना आयुष्यभर ऐकू येत आलेली आहे. दुसरे असे की, हात-पाय धुण्यासाठी पाणी लागते. त्या मे महिन्यात जळगावात टँकर फिरत होते, आमच्या इमारतीचे नळ कोरडे होते आणि पिण्याच्या माठावर शिपाई बसवलेला होता. त्या माठातून सलीमाने वजू केला असता, तर अपघाताआधी तिच्यावर चोरीचा अहवाल लिहिला गेला असता. तिसरे, यंत्रणेची तपासणी धुळ्याहून आलेल्या एका इंजिनियराने केली, हे खरे. पण त्या दिवशी टाकी रिकामी होती आणि पंप सोडवून टेबलावर ठेवलेला होता. पाण्यावर चालणारे यंत्र पाण्यावाचून तपासले गेले आणि ते निर्दोष निघाले. विहीर आटल्यावर तिच्यात कोणी बुडत नाही असा निर्वाळा देणेही तितकेच शास्त्रीय ठरले असते.

राहता राहिला सर्वांत जवळचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. तो मी. माझी साक्ष "साक्षीदाराचे वय व चष्म्याचा नंबर विचारात घेता" बाजूला ठेवण्यात आली. मी मुलीच्या उजव्या हाताला, खुर्चीला खुर्ची लावून बसलो होतो. तिच्या हातांवर पाणी नव्हते. भिंगे जाड असली तरी एवढे दिसते.

आता हे यंत्र काय होते ते सांगतो.

मी मराठी शिकवतो आणि वीस-बावीस वर्षे खानदेशी बोलीचा शब्दकोश करतो आहे. १९९९च्या आरंभी संस्थेने तो संगणकावर चढवायचे ठरवले आणि टंकनासाठी सलीमाची तात्पुरती नेमणूक झाली. ती मूळची रावेरची. वडील केळीच्या गाड्या भरून देण्याच्या व्यवसायात. बोटे इतकी चपळ की मी शब्द उच्चारावा आणि तो पडद्यावर आधीच उमटलेला असावा. तिला बोलीही घरची. "सर, हा अर्थ धुळ्याकडचा झाला, आमच्याकडे असं म्हटलं तर भांडण होईल," असे ती सहज सांगे, आणि मला एक नोंद पुन्हा लिहावी लागे.

संगणक विभागाचे प्रमुख प्रा. रतिलाल महाले यांना मात्र शब्दकोशात रस नव्हता. त्यांना वेगात रस होता. मुंबईहून येणाऱ्या मासिकांत त्यांनी वाचले होते की तीनशेच्या वेगाचा प्रोसेसर युक्तीने साडेचारशेने पळवता येतो; अट एकच, तो थंड राहिला पाहिजे. जळगावात मे महिन्यात माणूस थंड राहत नाही. पंखा लावला तर तो गरम हवाच यंत्रावर फेकी आणि यंत्र तासाभरात गोठल्यासारखे थिजून बसे. वातानुकूलन यंत्राचा प्रस्ताव संस्थेच्या कपाटात विसावला होता. तेव्हा महाले सरांनी पाण्याचा मार्ग काढला.

त्यांच्या कल्पकतेला मी कमी लेखत नाही. अहवालापेक्षा ती निश्चितच वरच्या दर्जाची होती. तांबटाकडून त्यांनी तांब्याची एक पोकळ ठोकळी करून घेतली आणि ती प्रोसेसरवर पट्टीने आवळून बसवली. ठोकळीतून पाणी नेण्यासाठी केळीच्या बागेत असते ती ठिबकची काळी नळी वापरली. गरम झालेले पाणी भंगारातल्या जीपच्या रेडिएटरमधून फिरे, तिथून खिडकीतल्या कूलरच्या पत्र्याच्या टाकीत पडे, आणि टाकीतला कूलरचाच पंप ते पुन्हा वर ढकली. टाकी, रेडिएटर आणि संगणकाची पेटी हे सर्व एकाच लोखंडी अँगलच्या घोडीवर नटबोल्टांनी जखडलेले होते. यंत्र सुरू झाले तेव्हा काळ्या नळीतून पाण्याचा खळखळाट ऐकू आला आणि महाले सरांच्या चेहऱ्यावर, बागेला पहिले पाणी सोडणाऱ्या माणसाचे असते तसे समाधान पसरले. यंत्र खरोखर थंड राहिले. साडेचारशेने पळाले. दाराशी फलक आधीपासून होताच : "चपला-बूट बाहेर काढावेत." यंत्राला धूळ चालत नाही म्हणून. त्याखाली आता नारळ फोडल्याची खूण आली.

एप्रिलच्या शेवटी पेटी चावू लागली.

'चावणे' हा शब्द मी इथे कोशकाराच्या जबाबदारीने वापरतो. खानदेशात कूलरला हात लागून झिणझिणी आली की कूलर चावला असे म्हणतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. उन्हाळ्यात घरोघरचा कूलर थोडाफार चावतोच. माणसे रबरी चपला घालतात, पायाखाली लाकडी पाट घेतात, हाताची मागची बाजू लावून पाहतात आणि पाणी भरतात. कुत्रे पाळावे तशी ही भीती आम्ही घराघरांत पाळलेली आहे.

त्यामुळे सलीमाने हात झटकून "सर, चावतंय" म्हटले, तेव्हा खोलीत हसू उठले. शिपाई कौतिक, अंगाने वाळका आणि जिभेचा तिखट, फडके झटकत म्हणाला, "ताई, मना घरना कूलर यानापेक्षा जास्त चावस. बायको तं म्हनस, चावना म्हंजे चालू शे!"

"हसू नकोस, कौतिक," मी म्हणालो. "हा कूलर नाही."

"कूलरच शे ना सर. टाकी कूलरनी, पंप कूलरना. फक्त टीव्ही लावेल शे."

मी पेटीच्या कडेला बोट लावून पाहिले. टाचांना भेगा असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने मी आतही रबरी चपला घालत असे; त्या फलकाला मी एकटाच अपवाद होतो. तरीही बोटातून कोपरापर्यंत मुंग्यांची एक रांग चढून गेली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. भीतीविषयी मी बरेच वाचलेले आहे. कोपरात बसलेल्या भीतीवर त्यातले काहीही उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी महाले सरांकडे गेलो.

"स्टॅटिक आहे, सर," ते हसून म्हणाले. "हवा कोरडी आहे. लोकरीच्या कपड्यातून नाही का ठिणग्या उडत?"

"मे महिन्यात लोकर कोणी घातली आहे?"

"तुम्ही भाषावाले लोक ना, शब्दाला पकडता." त्यांनी कौतिकला हाक मारली. "अरे, मॅडमच्या पायाखाली एक पाट ठेव. झालं समाधान?"

पाट आला. सलीमा त्यावर अनवाणी पाय ठेवून बसू लागली. चावणे थांबले आणि ते दुरुस्त झाले असे सर्वांनी मानले. मीही हळूहळू पुढच्या अक्षराकडे वळलो, पण ती पेटीजवळ हात नेई तेव्हा माझा उच्चार अडखळे, आणि ती न पाहता म्हणे, "नाही चावलं सर, सांगा पुढे."

आणखी एक गोष्ट मी त्या दिवसांत पाहिली. इमारतीच्या मागे भिंतीलगत अर्थिंगचा एक खड्डा आहे. विजेची गळती जमिनीत उतरावी म्हणून त्यात तांब्याची पट्टी पुरून मीठ आणि कोळसा भरलेला असतो. कोरडी माती वीज घेत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओतावे लागते. हे काम कौतिक कित्येक वर्षे करत होता. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो दिसे, देवाला पाणी घालावे तसा वाकलेला. एप्रिल सरत आल्यापासून ती बादली खड्ड्याकडे जाताना मला दिसेना. ती जिन्याने वर येताना दिसे. वर टाकी होती आणि टाकीतले पाणी उन्हाने दिवसाला बोटबोट उतरत होते.

मग विश्वस्त मंडळ यंत्र पाहायला येण्याचा दिवस ठरला. अध्यक्ष अभिमन आबा, धुळ्याकडचे मोठे बागाईतदार, स्वतः येणार होते. सकाळी कौतिकने फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. महाले सर आत आले, त्यांची नजर पाटावर पडली.

"हे काय? पाहुण्यांसमोर पाट? जेवायला बसणार आहात का?"

"सर, पेटी चावते," सलीमा म्हणाली.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे. कौतिक, उचल तो."

कौतिकने पाट उचलला. जिन्यावर पावले वाजली. पाहुण्यांनी दाराशी चपला काढल्या, एकमेकांना "तुम्ही पुढं व्हा" म्हणत ते आत आले, आणि महाले सर नळी, ठोकळी, रेडिएटर यांविषयी बोलू लागले. मग ते सलीमाला म्हणाले, "मॅडम, झाकण काढा जरा, आबांना आतलं पाणी फिरताना दिसू दे."

तिने पेटीवर उजवा हात ठेवला.

काही झाले आहे हे मला लगेच कळले नाही, आणि ती गोष्ट आजही मला सर्वांत भयंकर वाटते. ती ओरडली नाही. ती दुरून कोणी हाक मारल्यावर माणूस थबकून कान देतो तशी बसून राहिली, मान किंचित तिरपी, डोळे उघडे. महाले सर बोलतच होते. पाणी नळीतून खळखळत होते. मग मला दिसले की तिच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या आहेत आणि बोटे पेटीला धरून नाहीत, पेटीने बोटांना धरले आहे. मी तिच्या खांद्याकडे हात नेला. "सर, हात नका लावू!" कौतिक किंचाळला आणि त्याने तो पाटच तिच्या मनगटावर मारला. ती खुर्चीसकट खाली पडली. खोलीत जळक्या कातड्याचा वास होता. तिच्या ओठांतून पहिला आवाज बऱ्याच वेळाने आला.

ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटे वळत नाहीत.

त्यानंतर अहवाल. मी मागच्या खड्ड्याकडे जाऊन आलो होतो; माती आटलेल्या नदीच्या पात्रासारखी फुटली होती. पंपातून गळणारी वीज त्या मातीत न उतरता घोडीवरून पेटीत येत होती, हे मी समितीसमोर सांगितले. परिणाम एवढाच झाला की मसुद्यात "शिपायाने कर्तव्यात कसूर केली किंवा कसे याचा स्वतंत्र विचार व्हावा" असे एक वाक्य वाढले. कौतिकने त्या दिवसापासून विनोद करणे सोडले. मी त्याला दोनदा विचारले. दोन्ही वेळा तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "सर, माले निवृत्तीले थोडा वखत शे. माले इचारू नका."

सलीमाला मी तिच्या मामाच्या घरी भेटलो. आई रहिमाबी दाराआड उभी होती. मुलीने पट्टी बांधलेला हात मांडीवर, दुसऱ्याच्या वस्तूसारखा जपून ठेवला होता. बाहेर कोणी कूलर सुरू केला, तसे तिचे दोन्ही पाय चटकन वर खाटेवर गेले.

"मला ती नोकरी नको आहे, सर," ती म्हणाली. "पण माझे हात ओले होते असं लिहू देऊ नका. उद्या कुठेही गेले तर म्हणतील, हीच ती. नमाजाच्या नादात कॉलेजचं मशीन जाळणारी."

"त्यांनी तुला विचारलं नाही?"

"विचारलं ना. हात धुतले होते का, असं विचारलं. मी म्हटलं, सकाळी उठल्यावर धुतले होते. त्यांनी लिहून घेतलं."

अहवालावर सह्या होण्याची सभा त्याच खोलीत ठेवली गेली. यंत्र निर्दोष असल्याचे प्रात्यक्षिक आधी, सह्या नंतर; माझी आणि सलीमाचीही सही हवी होती. इथे महाले सर स्वतःच्याच वाक्यात अडकले होते. निर्दोष यंत्र दुरुस्त करता येत नाही. दुरुस्त केले की ते सदोष होते हे मान्य होते. कोरड्या खड्ड्यात पाणी ओततानाही कोणी पाहिले असते. म्हणून यंत्र जसेच्या तसे पुन्हा जोडले गेले होते : तीच टाकी, तोच पंप, तेच पाणी. त्यांची योजना साधी होती. कळफलक प्लॅस्टिकचा. ते दुरून कळा दाबणार, पडदा उजळणार, सह्या होणार.

मी दाराशी पोहोचलो तेव्हा चपलांची रांग लागलेली होती. सलीमा आणि तिची आई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. काही केल्या आत यायला तयार नव्हत्या. आत अभिमन आबा आणि समिती, सर्व अनवाणी. फरशी नुकतीच पुसलेली. पंप सुरू झाला होता. तो खळखळाट ऐकताच माझ्या कोपरात मुंग्या उठल्या, आणि त्याच क्षणी माझे लक्ष महाले सरांच्या पायांकडे गेले. त्यांच्या पायांत जाड रबरी तळाचे बूट होते. नवे. स्वतःच्या फलकाखालून ते बूट घालून आत आले होते.

"महाले सर," मी म्हणालो, "तुमच्या यंत्राला धूळ चालत नाही ना?"

"सर, आता विषयांतर नको."

"विषयच आहे. यंत्र निर्दोष आहे असं तुम्ही म्हणता. मग बूट काढा आणि पेटीवर हात ठेवा. मी तुमच्या आधी सही करतो."

ते हसले. हसू ओठांपर्यंत आले, वर गेले नाही. "हा काय पोरखेळ? तपासणी झालेली आहे. तज्ज्ञाची सही आहे."

"तज्ज्ञाची आहे. तुमचा हात हवा आहे."

सगळ्यांनी त्यांच्या बुटांकडे पाहिले. आणि मग, मला ते स्पष्ट दिसले, प्रत्येकाने एकदा आपापल्या ओल्या पायांकडे पाहिले. समितीचे एक सदस्य नकळत खुर्चीच्या आडव्या दांडीवर पाय घेऊन बसले. कौतिक भिंतीशी, मुख्य बटणाजवळ उभा होता.

अभिमन आबांनी अपघात पाहिला होता, पण ओल्या हातांचा खुलासा त्यांना पटला होता; हा सगळा प्रकार त्यांना शिकलेल्या लोकांचा वाटला. ते धोतर सावरत उठले.

"काय रे मास्तर, हाई पेटी शे का वाघ शे? तुम्ही भाषावाला सर, तुम्ही बी काय लहान पोरना मायक करतस! बठ्ठा बाजूले व्हा. मी लावस हात. सही करतस, घर जातस."

असे काही होईल याचा मी विचार केला नव्हता. मी महाले सरांना कोंडीत पकडायला आलो होतो. सत्तरीच्या एका माणसाने अनवाणी पायांनी ओल्या फरशीवरून त्या पेटीकडे चालत जाणे माझ्या युक्तिवादात कुठे नव्हते. मला ओरडायचे होते. सलीमाच्या हातावर मी पाहिल्या होत्या त्या दोरीसारख्या शिरा मला आबांच्या सुरकुतलेल्या हातावर दिसल्या. उंबऱ्याबाहेर सलीमाने डोळे मिटून आईच्या खांद्यात तोंड खुपसले. आबांचा पंजा उघडा होता, बैलाच्या पाठीवर थाप मारायला उचलावा तसा. पेटीपासून तो वीतभर अंतरावर असेल.

रतिलाल महाले दोन्ही हातांनी आबांच्या दंडाला लटकले. दोघेही धडपडत मागे आले, एक खुर्ची उलटली, आणि भिंतीशी कौतिकने मुख्य बटण खाली ओढले. पंप थांबला. नळीतले पाणी थोडा वेळ उलटे उतरत राहिले. महाले सर फरशीवर बसले होते, आबांचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता, आणि ते जे बोलले ते मी तिथल्या तिथे, समितीच्याच कोऱ्या कागदावर, जसेच्या तसे उतरवून घेतले. माझ्या चष्म्याचा नंबर आता विचारात घेतला गेला तरी चालेल. हे सगळ्यांनी ऐकले आहे :

"आबा, नका, हात लावू नका, पेटीत करंट आहे. मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं. खड्ड्यातलं पाणी कौतिकनं नाही बंद केलं, मी करायला लावलं. मीच म्हटलं, मातीत कशाला ओततोस, वर टाकीत आणून टाक, मशीन तापतंय. पाट मी उचलायला लावला. आणि तिचे हात कोरडे होते, आबा. मी बघत होतो. कोरडे होते."